ठिणगी आणि ओल : श्रमाच्या छायाचित्रांविषयी एक तक्रार

काही महिन्यांपूर्वी कोल्हापुरातील एका कलादालनात कामगारजीवनावरील छायाचित्रांचे प्रदर्शन पाहण्यात आले. चित्रे कृष्णधवल, मोठ्या आकाराची आणि उत्तम छपाईची होती. त्यांतील सर्वांत मोठे चित्र फाउंड्रीतील ओतकामाचे होते : लॅडलमधून साच्यात उतरणारा लोखंडाचा रस, साच्याच्या तोंडाशी उसळलेला ठिणग्यांचा पिसारा आणि त्या उजेडात अर्धा उजळलेला एक घामेजलेला चेहरा. चित्राच्या नावात अग्नी होता, नृत्यही होते. उद्घाटनाच्या भाषणांतून 'श्रमाचे सौंदर्य', 'श्रमाची प्रतिष्ठा', 'अस्सल मातीतली कला' हे शब्दप्रयोग अपेक्षेप्रमाणे येऊन गेले. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे मोल्डर होते. विद्यार्थी त्यांना आग्रहाने घेऊन आला होता. ते त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. भारावले असावेत असे वाटून मी जवळ गेलो. ते म्हणाले, "सर, माती वली हाय ही. असं उडाय लागलं की आमी मागं सरतो. ह्येला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

साच्याच्या वाळूत ओल गरजेपेक्षा जास्त राहिली की तप्त रसाच्या स्पर्शाने तिची वाफ होते. वाफेला निसटायला वाट मिळाली नाही की रस उकळतो, उडतो, अंगावर येतो, आणि कास्टिंगही वायूच्या पोकळ्यांनी बाद होते. वाळूतली ही ओल मूठ आवळून आणि मुठीतला गोळा मोडून त्याची कड पाहून ओळखणे हे मोल्डरचे हस्तगत ज्ञान. ज्याला आम्ही सौंदर्याचा परमोत्कर्ष समजत होतो तो, त्या ज्ञानाच्या दृष्टीने, कामातला दोष होता आणि एका माणसाच्या अंगावर येऊ घातलेले संकट होते. दालनातील प्राध्यापक, चित्रकार, पत्रकार यांच्यापैकी एकालाही ते दिसले नाही. प्रस्तुत लेखकालाही नाही. हा लेख त्या न दिसण्याविषयी आहे. दोष केवळ छायाचित्रकाराचा असता तर तो नोंदवून थांबता आले असते. माझी तक्रार मुख्यतः समीक्षेविषयी आहे.

ज्या समीक्षाव्यवहारात आपण घडलो त्यात अशा चित्राकडे जाण्याच्या दोन वाटा आधीच तयार आहेत. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद ज्या दोन नावांभोवती मराठीत उभा राहिला ती दोन्ही नावे याच गावाशी निगडित आहेत. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत होते आणि वि. स. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात राहत होते. पुढे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी करून पहिल्या वाटेला तात्त्विक बांधणी दिली. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराचा ताण कसा पसरलेला असतो हे दाखवून दिले. साहित्यकृतीच्या बाबतीत हे दोन ध्रुव एकमेकांशी भांडतात. कामगाराच्या छायाचित्रासमोर मात्र ते हातमिळवणी करतात, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. कलावाद्याला ठिणग्यांचा तिरपा झोत आणि वाकलेली पाठ यांच्यातील विरोधलय दिसते; जीवनवाद्याला श्रमिकाची प्रतिष्ठा दिसते. दोघेही समाधानाने घरी जातात, कारण समोर चाललेले काम काय आहे हे जाणून घेण्याची गरज दोघांनाही पडत नाही.

साहित्याच्या बाबतीत आपण इतके सैल कधीच नव्हतो. ग्रामीण कथेत पेरणीच्या महिन्याची किंवा औताच्या जोडणीची चूक झाली तर तिच्यावरून लेखकाची शहरी रोमँटिकता उघडी पाडणारे समीक्षक मराठीत होऊन गेले. दलित साहित्याच्या चळवळीने तर कोण कोणाविषयी लिहितो आणि कोणासाठी, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या केंद्रस्थानी आणला. बाबूराव बागूल, अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे यांच्या लेखनाने काम करणारा माणूस हा वर्ण्यविषय न राहता बोलणारा झाला. हे सगळे शिकवून वर्गाबाहेर पडलेले आम्ही प्राध्यापक कलादालनात शिरताना ती शिकवण पायताणासारखी दाराशी काढून ठेवतो. छायाचित्र 'आपोआप' खरे असते, यंत्राने काढलेले असते, म्हणून त्याला हे प्रश्न लागू होत नाहीत, अशी आपली एक न बोललेली समजूत असावी.

ती समजूत तपासायची तर कोल्हापूर परिसरातीलच दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले फाउंड्रीचे. इथे ओतकामाचा क्षण थोडा असतो. त्याआधी वाळू तयार करणे, साचे आणि कोअर बांधणे असते. नंतर साचा फोडणे आणि फेटलिंग, म्हणजे निघालेल्या कास्टिंगवरची चिकटलेली वाळू व कडा घासून काढणे असते. छायाचित्रांत ओतकाम वारंवार भेटते, फेटलिंग क्वचित. आणि भेटते तेव्हा ते धुळीच्या पडद्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेचे चित्र असते. ही तिरीप फसवी आहे. सिलिकाची जी धूळ फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाऊन सिलिकोसिस घडवते तिचे कण काही मायक्रॉनांचे, साध्या उजेडात डोळ्यांना न दिसणारे असतात. ठळक दिसते ती बव्हंशी नाकाघशात अडकणारी जाड धूळ. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अधिसूचनीय रोगांच्या यादीत ज्याची नोंद केली त्या रोगाचे कारण छायाचित्राच्या चौकटीत हजर असूनही अदृश्य राहते, आणि त्याच्या जागी एक सुंदर धुके दिसते. औद्योगिक आरोग्याचे अभ्यासक प्रखर झोताचा दिवा धुळीच्या मागे विशिष्ट कोनात ठेवून हे सूक्ष्म कण दिसते करतात आणि त्यांची छायाचित्रेही घेतात. म्हणजे कॅमेऱ्याला ते अशक्य नाही. परंतु त्यासाठी काय शोधायचे आहे हे आधी माहीत असावे लागते.

दुसरे उदाहरण इचलकरंजीचे. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फेकला जातो. शटरची गती पुरेशी ठेवली की चित्रात सर्व स्थिर होते. मग चालू मागाचे चित्र आणि संपात बंद पडलेल्या मागाचे चित्र यांत फरक काय उरतो? २०१३ च्या प्रारंभी या गावातील यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी कित्येक आठवडे संप केला. ज्या आवाजाची गावाला सवय होती तो थांबला. ही थांबण्याची घटना कोणत्याही एका चौकटीत मावणारी नाही, कारण छायाचित्राच्या दृष्टीने माग नेहमीच थांबलेला असतो. संप ज्या गोष्टीसाठी झाला ती तर आणखी दूर राहते. इथली मजुरी मीटरवर आणि पिकावर, म्हणजे इंचभर कापडात किती आडवे धागे बसतात त्या संख्येवर, ठरत आली आहे. कापड कामगाराचे नसते. खर्चीवाल्याच्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या छोट्या मागधारकाच्या, बाबतीत सूतही त्याचे नसते, व्यापाऱ्याचे असते. व्यापारी, मागधारक, जॉबर, कांडीवाला, वहिफणी करणारा यांच्यातील देण्याघेण्याचे नाते हाच त्या उद्योगाचा सांगाडा आहे, आणि त्याला चेहरा नाही.

हा मुद्दा नवा नाही. कारखान्याच्या छायाचित्रावरून त्या कारखान्याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, असे निरीक्षण ब्रेख्तने केले होते आणि वाल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये छायाचित्रणाच्या इतिहासावरील निबंधात ते उद्धृत करून छायाचित्राखालच्या मजकुराचा प्रश्न उपस्थित केला होता. आपल्याकडे बेन्यामिन अभ्यासक्रमात आला, चर्चासत्रांत आला. त्याचे 'तेजोवलय' तर शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात हमखास असते. परंतु त्याने विचारलेला तो अवघड प्रश्न आपल्या गावच्या प्रदर्शनात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

कॅमेरा श्रमाकडे निरागसपणे पाहतो, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. १९१० च्या दशकात अमेरिकेत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगाराच्या बोटांना छोटे दिवे बांधून, शटर उघडे ठेवून, हालचालींच्या प्रकाशरेषांची छायाचित्रे घेतली. ती आज पाहिली तर अमूर्त चित्रकलेचे नमुने वाटतात. उद्देश होता कामातील 'निरर्थक' हालचाली शोधून त्या काढून टाकण्याचा, म्हणजे त्याच पाळीत अधिक उत्पादन काढण्याचा. कामगाराच्या शरीराकडे कॅमेऱ्याने मन लावून पाहिले तेव्हा बघणारा व्यवस्थापनाच्या बाजूने उभा होता, असा हा प्रसंग. आपल्याकडे मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी स्वातंत्र्योत्तर काळातील उद्योगांची असामान्य कौशल्याने छायाचित्रे घेतली. ती मुख्यतः कंपन्यांनी सांगितलेली कामे होती. त्यांत माणूस अनेकदा येतो तो यंत्र किती प्रचंड आहे हे कळावे म्हणून. या चित्रांना आता कलादालनांत स्थान मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. माझा आक्षेप इतकाच की दालनात येताना त्यांच्यावरचा गिऱ्हाइकाचा पत्ता पुसला जातो आणि उरते ती निखळ भूमिती.

आता अधिक मोठे आणि अधिक अवघड उदाहरण घेऊ. सेबास्तियाव साल्गादो (१९४४–२०२५) हा अर्थशास्त्राचा अभ्यास करून छायाचित्रणात आलेला ब्राझिलियन कलावंत. त्याचे 'वर्कर्स' (१९९३) हे पुस्तक या प्रकारातील सर्वांत गाजलेले. त्यात धनबादच्या कोळसा खाणीही आहेत. त्याच्या सहानुभूतीविषयी किंवा परिश्रमांविषयी शंका घेणे क्षुद्रपणाचे ठरेल. पण या पुस्तकाच्या रचनेतील एक तपशील पाहण्यासारखा आहे. चित्रांच्या पानांवर ओळी नाहीत. माहिती वेगळ्या पुस्तिकेत दिली आहे. पुस्तक चाळणाऱ्याने चिखलातून शिडीने चढणारे शेकडो देह पाहावेत, स्तिमित व्हावे, आणि इच्छा झाल्यास पुस्तिका उघडावी. ही मांडणी मला निर्हेतुक वाटत नाही. चित्र हे अनुभवासाठी आणि माहिती ही जिज्ञासूसाठी, ही जी फाळणी आहे तिच्यातच कलावाद आणि जीवनवाद यांचा तह झालेला आहे.

याच्या शेजारी लुईस हाइन ठेवून पाहावा. १९०८ पासून त्याने बालमजुरीविरोधी समितीसाठी अमेरिकेतील गिरण्या, खाणी, काचकारखाने यांतून मुलांची छायाचित्रे घेतली. मुलांची उंची कळावी म्हणून तो स्वतःच्या जाकिटाच्या गुंड्यांचे माप धरी, आणि खिशातल्या वहीत वय, काम, तास, मजुरी टिपून घेई. ती टिपणे चित्रांच्या सोबत जात. सूतगिरणीच्या लांबलचक यंत्रांच्या ओळीत उभी असलेली मुलगी पाहताना आपण तिचे वय आणि रोज वाचतो, आणि तीच चौकट, तेच यंत्र, तीच खिडकी वेगळी दिसू लागते. माहितीने चित्राचे सौंदर्य कमी केले असे कोणी म्हणणार नाही. तिने ते सौंदर्य निरुपद्रवी राहू दिले नाही.

म्हणून माझे पहिले प्रतिपादन असे : श्रमविषयक छायाचित्राची संहिता चौकटीच्या काठाशी संपत नाही. त्याखालील ओळ, मालिकेतील क्रम, लावण्याची जागा हे सर्व त्या संहितेचे घटक आहेत, आणि समीक्षकाने ते कवितेतील शब्दांइतक्याच काटेकोरपणे वाचले पाहिजेत. यावर नेहमीचा आक्षेप येईल की, चित्राने स्वतःच बोलले पाहिजे. मजकूर जोडला की कलेचा अहवाल होतो. परंतु दालनातील चित्र मूक असते हेच मुळात खरे नाही. त्याच्या शेजारच्या पट्टीवर छायाचित्रकाराचे नाव, साल, कागदाचा प्रकार, प्रतींची मर्यादित संख्या आणि कित्येकदा किंमत असते. चित्राच्या मालकीविषयी आणि मूल्याविषयी इतका मजकूर चालतो. तर चित्रातल्या माणसाच्या कामाविषयी आणि मोलाविषयी दोन ओळी आल्या की स्वायत्तता कशी भंगते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला त्या मोल्डर गृहस्थांनीच घातला. नाव छापले तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाही, असे ते म्हणाले. हे खरे आहे. नाव देणे म्हणजे प्रतिष्ठा देणे, हे समीकरण कायम नोकरी असलेल्या आपल्यासारख्यांना सुचणारे आहे. म्हणून माझी मागणी माणसाच्या नावाची नाही. कामाचे नाव द्यावे. पाळी किती तासांची, मजुरी रोजावर की नगावर, माणूस कायम की कंत्राटी, हे द्यावे. यापैकी जे छायाचित्रकाराला ठाऊक नसेल त्याची जागा पट्टीवर कोरी सोडावी. ती कोरी जागाही प्रेक्षकाला पुष्कळ सांगेल.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाची आहे आणि ती बेन्यामिनच्या निबंधात सापडणार नाही. आपल्याकडे श्रमविभागणी ही श्रमिकांचीही विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडले. तेव्हा 'श्रमाचे सौंदर्य' या सामासिक प्रयोगाखाली कोणते श्रम कोणाच्या वाट्याला आले हे झाकले जात असेल, तर तो प्रयोग इथे युरोपातल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे घेतली ती या दृष्टीने मराठी माणसाने केलेले महत्त्वाचे काम आहे. गटारात उतरलेला, कचऱ्यात गाडलेला देह तिथे आहे. पण त्याबरोबर त्या माणसांचे घर आहे, दारू आहे, आजारपण आहे. एका भव्य क्षणाचा मोह टाळून वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परत जाण्याची चिकाटी त्यामागे आहे. त्यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावात दोन शब्द येतात : प्रतिष्ठा आणि न्याय. गौरवाच्या भाषणांतून मला ऐकू येतो तो बहुधा पहिलाच. प्रतिष्ठा प्रेक्षकाला जागच्या जागी, नुसत्या नजरेने बहाल करता येते. न्यायासाठी कोणीतरी काहीतरी सोडावे लागते. जातीने ज्याला गटारात उतरवले त्याच्या तिथे असण्यातच 'प्रतिष्ठा' शोधणे ही सहृदयतेच्या वेषातली जुनीच व्यवस्था आहे.

आणखी एक प्रकार अलीकडे फोफावला आहे तो भग्नावशेषांचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे परळच्या फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या बाजारपेठेकडे पाहून कळते. उरलेल्या चिमण्या, गंजलेली यंत्रे, भिंतीवरचे कॅलेंडर यांची छायाचित्रे आता हळहळ विकतात. यांतली माणसे गेली कुठे हा प्रश्न चित्राला विचारला तर ते कालौघाकडे बोट दाखवते, जणू गिरण्या पावसाने झिजल्या. या चित्रांपेक्षा मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांकडून गोळा केलेला मौखिक इतिहास अधिक दृश्य आहे, असे मी म्हणेन. त्यात बोलणाऱ्याला आपले खाते आणि आपला हिशेब ठाऊक आहे.

कलावंताला हे जमणार नाही, ही समाजशास्त्रज्ञाची कामे आहेत, असे ज्यांना वाटते त्यांना याच गावाच्या इतिहासाकडे पाहण्याची विनंती आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः बनवला. इथे कॅमेरा हा आधी कारागिराचे काम होता, नंतर कलेचे साधन झाला. त्याच बाबूरावांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. गिरणीतला माणूस तिथे कसा आला, कोणत्या कागदाने त्याला तिथे पाठवले, हे दाखवल्यावाचून त्याला दाखवणे अपुरे आहे, ही समज त्या कथेच्या बांधणीतच होती. शंभर वर्षांनंतर आपण मागे आलो आहोत. आपल्याला कागद नको आहे. फक्त ठिणग्या हव्या आहेत.

समीक्षेने काय करावे? एक, श्रमविषयक छायाचित्रावर लिहिण्यापूर्वी समीक्षकाने ते काम कसे चालते हे शिकून घ्यावे. संस्कृत नाटकावर लिहिताना आपण नाट्यशास्त्र वाचतोच. दोन, पट्टीवरचा मजकूर हा समीक्षेचा विषय मानावा. तीन, ज्यांचे चित्र आहे त्यांनी केलेले वाचन हे एक अधिकृत वाचन म्हणून नोंदवावे. वाचकप्रतिसादाचा सिद्धान्त आपण शिकवतो. त्यातला 'जाणकार वाचक' प्रत्येक वेळी विद्यापीठातच सापडतो, हा योगायोग आता संशयास्पद वाटू लागला आहे.

प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी मी पुन्हा गेलो. त्या चित्राखाली विकले गेल्याची लाल टिकली लागली होती. अभिप्रायाच्या वहीत मी मोल्डर गृहस्थांचे म्हणणे, त्यांचे नाव न देता, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले. त्याच्या वरचा अभिप्राय माझाच होता, उद्घाटनाच्या दिवशी लिहिलेला. त्यात 'लय' हा शब्द दोनदा आला होता.